वणव्यावर गेलेल्यांची घरं

ऑगस्ट १९१० मध्ये अमेरिकेच्या आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळून गेलं. वणवा विझवायला लावलेल्या माणसांपैकी निदान ७८ जण त्यात मेले. त्यांतले बरेचसे रोजंदारीवर गोळा केलेले मजूर होते आणि काहींची नावंसुद्धा धड नोंदलेली नव्हती. नावगावच ठाऊक नाही, तर घरी कळवणार कोण आणि मदत देणार कोणाला? एड पुलास्की या वनाधिकाऱ्यानं आपल्या चाळीसएक माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवलं. एका बाजूनं कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूनं कुदळ असलेलं, वणवा विझवणाऱ्या तुकड्यांकडे आजही असणारं हत्यार त्याच्याच नावानं ओळखलं जातं. त्या आगीत मेलेल्यांच्या घरांकडे लक्ष जायला मात्र फार वर्षं लागली.

ते लक्ष कसं गेलं, मदतीच्या कोणत्या वाटा तयार झाल्या आणि त्या कुठे अर्ध्यावर तुटतात, हे इथे पाहायचं आहे. माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो. या घरांना मदत लागते ती माणूस गेल्यावरच, असं धरून चालल्यामुळे पुढचे बरेच हाल होतात. निम्मी मदत हंगाम सुरू होण्याआधी, माणूस धडधाकट असताना करायची असते.

सहा महिने बाहेर

वणव्याशी लढणारी मोठी फौज तिथे केंद्र सरकारच्या वनसेवेकडे आणि सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या खात्यांकडे आहे. शिवाय राज्यांची आणि काही शहरांची दलं आहेत. ‘हॉटशॉट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे वीस जणांच्या तुकड्या सगळ्यांत अवघड ठिकाणी जातात. पाण्याचा बंब पोचत नाही तिथे आगीच्या वाटेतली झुडपं कापायची, पालापाचोळा खरवडून जमीन उघडी करायची, म्हणजेच आपले वनरक्षक जिला जाळरेषा म्हणतात ती काढायची, हे त्यांचं मुख्य काम. एका आगीवरची नेमणूक साधारण १४ दिवसांची असते. दिवसाला १६ तास काम आणि रात्री बहुतेक वेळा उघड्यावर झोप. मग दोन-तीन दिवसांची विश्रांती आणि पुन्हा नवी आग, कदाचित दुसऱ्याच राज्यात.

या काळात घरी राहिलेलं माणूस एकट्यानं सगळं ओढत असतं. मुलांच्या शाळा, कुणाचं आजारपण, गाडीचा हप्ता, म्हाताऱ्या आईवडिलांचा दवाखाना. डोंगरात फोन लागत नाही. बातम्यांत आगीचं नाव ऐकू येतं, पण आपलं माणूस तिच्या कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. लग्नं, बारशी, वाढदिवस, मुलांच्या उन्हाळी सुट्ट्या हे सगळं नेमकं हंगामातच येतं.

पैशाचं गणितही विचित्र आहे. मूळ पगार इतका कमी, की घर चालतं ते जादा तासांवर आणि धोक्याच्या कामाच्या २५ टक्के भत्त्यावर. हॉटशॉट तुकडीतला माणूस एका हंगामात जादा कामाचे हजाराच्या घरात तास भरतो. म्हणजे पाऊसपाणी चांगलं झालं, आगी कमी लागल्या, की त्या घराला हिवाळा जड जातो. २०२१ साली पायाभूत सुविधांसाठी झालेल्या मोठ्या कायद्यानं केंद्र सरकारच्या या कर्मचाऱ्यांना वर्षाला २०,००० डॉलर किंवा मूळ पगाराच्या निम्मी, यांतली जी कमी असेल तेवढी वाढ दिली. पण ती तात्पुरती होती. निधी संपत आला की संसद थोडी थोडी मुदत वाढवायची, आणि पुढच्या महिन्यात पगार किती येणार हे कुटुंबांना ठाऊक नसायचं. २०२५ च्या मार्चमध्ये पगारवाढ कायमची झाली. कुटुंबाच्या आधाराविषयी बोलताना लोक श्रद्धांजली सभा आणि देणग्यांकडे आधी वळतात. माझ्या मते पहिला आधार पगारपत्रकाचा आहे.

बातमी घरी कोणी न्यायची

दुर्घटना घडली तर काय करायचं याची लेखी पद्धत तिथल्या यंत्रणांनी तयार केली आहे. तिचा गाभा साधा आहे. बातमी फोनवर द्यायची नाही. शक्यतो दोन माणसांनी घरी जाऊन, समोर बसून सांगायची, आणि सगळ्या घरांना कळल्याशिवाय नावं जाहीर करायची नाहीत. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाला एक संपर्क अधिकारी दिला जातो. कागदपत्रं, प्रवास, पत्रकार, अंत्यविधी या सगळ्यांत त्यानं घरच्यांच्या बाजूनं उभं राहायचं असतं.

हे नियम पाळणं मोबाइलच्या काळात फार अवघड झालं आहे. तुकडी संकटात आहे ही कुणकुण काही मिनिटांत गावभर होते आणि बायका, आया एकमेकींना फोन करू लागतात. ३० जून २०१३ च्या संध्याकाळी ॲरिझोनातल्या प्रेस्कॉट शहरात, वणव्यात सापडलेल्या तुकडीची कुटुंबं एका शाळेच्या सभागृहात जमली होती. कोण वाचलं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. वाट पाहण्याचे असे तास कमी करायचे असतील, तर प्रत्येकाच्या घरचा पत्ता, फोन, कोणाला आधी सांगायचं आणि सांगताना सोबत कोण असावं, हे हंगामाच्या पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवं. पाच मिनिटांचा फॉर्म आहे. तो पंचविशीतल्या पोरांना भरायला लावणं हेच कठीण जातं, कारण त्या वयात असा कागद भरायला हात धजत नाही.

बॉयसीतली संस्था

६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडोत ग्लेनवुड स्प्रिंग्जजवळच्या स्टॉर्म किंग डोंगरावर वाऱ्याची दिशा फिरली आणि १४ जण आगीत सापडून मेले. दहा पुरुष, चार स्त्रिया. त्यांपैकी नऊ जण ओरेगॉनमधल्या प्राइनव्हिल या एकाच लहान गावच्या हॉटशॉट तुकडीतले. त्या काळी विकी मायनर नावाची बाई आगीवरच्या छावण्यांत दुकान चालवत असे. मोजे, साबण, तंबाखू, टी-शर्ट अशा वस्तू घ्यायला येणाऱ्या पोरांना ती ओळखत होती. मेलेल्यांच्या घरच्यांना लगेच हात देणारं कोणी नाही हे तिच्या लक्षात आलं आणि त्यातून आयडाहोतल्या बॉयसी शहरात ‘वाइल्डलँड फायरफायटर फाउंडेशन’ उभं राहिलं. देशभरच्या वणव्यांचं नियोजन करणारं राष्ट्रीय केंद्रही याच शहरात आहे आणि मेलेल्यांचं स्मारक त्या केंद्राच्या आवारात आहे.

संस्थेचं काम कळायला सोपं आहे, म्हणूनच ते परिणामकारक ठरतं. सरकारी पैसा यायला महिने लागतात, पण विमानाचं तिकीट आज हवं असतं. भाजलेला मुलगा तीन राज्यं पलीकडच्या रुग्णालयात असतो आणि आईवडिलांना तिथे कित्येक आठवडे राहावं लागतं. उपचाराचं बिल विमा किंवा सरकार भरतं, पण आईच्या हॉटेलचं, जेवणाचं, बुडालेल्या पगाराचं कोणी भरत नाही. संस्था हे खर्च उचलते, जखमींचेही. दरवर्षी कुटुंबांना बॉयसीत बोलावते आणि तिथे पहिल्या वर्षाच्या दुःखातली बाई वीस वर्षांपूर्वी मुलगा गमावलेल्या आईशेजारी बसते. पैशाचा मोठा भाग तुकड्यांतल्याच लोकांकडून येतो. संस्थेची ‘५२ क्लब’ नावाची वर्गणी आहे, आठवड्याला एक डॉलर, वर्षाचे ५२.

जखमींच्या घरांचा उल्लेख मुद्दाम केला. मृत्यूनंतर गाव गोळा होतं, झेंडे अर्ध्यावर उतरतात. पाठीचा कणा मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी मात्र दुसऱ्या महिन्यापासून येणारे-जाणारे कमी होतात.

कायद्यानं मिळणारे पैसे

केंद्र सरकारची मुख्य तरतूद दोन कायद्यांत आहे. पहिला १९१६ चा, सरकारी कर्मचाऱ्यांच्या भरपाईचा. कामावर मृत्यू झाला तर मूल नसलेल्या पत्नीला किंवा पतीला पगाराच्या ५० टक्के रक्कम दरमहा मिळते. मुलं असतील तर ४५ टक्के आणि प्रत्येक मुलामागे १५ टक्के, पण एकूण ७५ टक्क्यांच्या वर नाही. ५५ वर्षांच्या आत पुनर्विवाह केला की पत्नीचा वाटा थांबतो. अंत्यविधीच्या खर्चाला या कायद्यानं कित्येक दशकं ८०० डॉलरची मर्यादा ठेवली. आणि एक बारकावा असा, की हा हिशेब करताना जादा तासांचा पगार धरत नाहीत. जे घर जादा तासांवरच उभं होतं, त्याच्या भरपाईतून नेमके तेच तास वगळले जातात. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कचेरीत बसणारा कारकून असावा, असं हे कलम वाचताना वाटतं.

दुसरा कायदा १९७६ चा. पोलीस, अग्निशमन अशा सार्वजनिक सुरक्षेच्या कामात मृत्यू आला तर न्याय खात्यामार्फत कुटुंबाला एकरकमी मदत देणारा. सुरुवातीला ती ५०,००० डॉलर होती, २००१ मध्ये अडीच लाख झाली आणि महागाईप्रमाणे वाढत आता चार लाखांच्या वर गेली आहे. मुलांच्या आणि जोडीदाराच्या शिक्षणालाही मदत मिळते. याची मोठी गोष्ट म्हणजे सार्वजनिक दलातला माणूस कायम होता, हंगामी होता की विनावेतन स्वयंसेवक, हा भेद त्यात नाही. खाजगी ठेकेदारांकडून आलेल्या तुकड्यांतल्या मजुरांची प्रकरणं मात्र अवघड होऊन बसतात. आणि वेळ फार लागतो. शवविच्छेदनाचा अहवाल, चौकशी अहवाल, विवाहाचा दाखला, मुलांचे दाखले हे सगळं जुळवता जुळवता अनेक अर्ज वर्षभराहून जास्त रखडतात.

प्रेस्कॉटची १९ घरं

कायम आणि हंगामी या भेदाची खरी किंमत २०१३ च्या यार्नेल हिल आगीनं दाखवली. प्रेस्कॉट शहराच्या अग्निशमन दलाची ‘ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स’ ही तुकडी. एका शहरानं हॉटशॉट तुकडी पोसावी हेच मुळात विरळा. वीस जणांपैकी १९ त्या दिवशी मेले आणि टेहळणीवर असलेला एकटा वाचला. मेलेल्यांपैकी १४ जण विशीतले होते. काहींच्या बायका गरोदर होत्या.

लवकरच हिशेब सुरू झाला. १९ पैकी सहाच जण शहराच्या कागदोपत्री पूर्णवेळ कायम कर्मचारी होते, उरलेले १३ हंगामी. १९७६ च्या कायद्यानुसार प्रत्येक कुटुंबाला त्या वर्षीची ३,२८,६१२ डॉलरची मदत सारखीच मिळायची होती. पण शहराचं आजीवन कुटुंबनिवृत्तिवेतन आणि आरोग्य विमा फक्त त्या सहांच्या घरांना. खांद्याला खांदा लावून एकाच जाळरेषेवर काम केलेल्या दोघांपैकी एकाच्या मुलांना आयुष्यभर डॉक्टरची सोय आणि दुसऱ्याच्या मुलांना नाही. चार लहान मुलांची आई असलेली एक पत्नी पत्रकारांसमोर उभी राहिली आणि आपला नवरा वर्षभर पूर्णवेळ काम करत होता, असं तिनं ठासून सांगितलं. शहराच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, की त्यानं स्वीकारलेली जागा हंगामी होती आणि नियम मागे जाऊन बदलता येत नाहीत. स्थानिक निवृत्तिवेतन मंडळानं पुढे तिच्या बाजूनं निर्णय दिला. पण तोवर एका दुःखी बाईला नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे तास आणि वरिष्ठांची पत्रं घेऊन सुनावण्यांना बसावं लागलं होतं. बारा कुटुंबांनी राज्य सरकारवर लावलेला दावा २०१५ मध्ये तडजोडीनं मिटला.

या प्रकरणात देणग्यांचा ओघ कमी नव्हता. देशभरातून पैसा आला, नंतर स्मृतिउद्यान झालं, २०१७ मध्ये ‘ओन्ली द ब्रेव्ह’ हा चित्रपटही आला. तरी कुटुंबांमधला तो भेद देणग्यांनी भरून निघाला नाही, कारण देणगी एकदा येते आणि मुलाचा दमा दर महिन्याला औषध मागतो. तुकडीचे प्रमुख एरिक मार्श यांच्या पत्नी अमांडा मार्श यांनी पुढे नवऱ्याच्या नावानं संस्था काढली. मृतांच्या घरच्यांबरोबरच वाचलेल्यांच्या मनावरच्या जखमांकडेही ती पाहते.

केंद्र सरकारच्या सेवेतही हंगामी माणसाची हीच कुचंबणा होती. तात्पुरत्या नेमणुकीला वर्षाला १,०३९ तासांची मर्यादा असे, म्हणजे अर्ध्या वर्षाच्या कामाला बरोबर एक तास कमी. आरोग्य विमासुद्धा नसायचा. कोलोरॅडोतल्या एका हंगामी कर्मचाऱ्यानं सुरू केलेल्या अर्जावर लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि २०१२ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष ओबामांनी अशा कर्मचाऱ्यांना विम्याचं दार उघडायला सांगितलं.

वारस कोण?

१९७६ च्या कायद्यात पैसे कोणाला द्यायचे याचा क्रम ठरलेला आहे. पत्नी आणि मुलं असतील तर निम्मे निम्मे. दोन्ही नसतील तर कर्मचाऱ्यानं नेमलेली व्यक्ती, तेही नसेल तर आयुर्विम्यात नाव असलेली, आणि त्यानंतर आईवडील. आता या कामातली माणसं पाहा. पंचविशीतली, लग्न न केलेली, पण चार-पाच वर्षं जोडीदाराबरोबर संसार थाटलेली. कागदावर नाव नसेल तर त्या जोडीदाराच्या हाती काही येत नाही. घरभाड्याचा करारही गेलेल्याच्याच नावावर असला तर महिन्याभरात घरही जातं. आईवडील आणि जोडीदार यांच्यात वितुष्ट येतं ते वेगळंच. यातलं बरंचसं एका नामनिर्देशन पत्रानं टळतं.

आगीत न झालेले मृत्यू

वर्षानुवर्षं धूर छातीत घेतलेल्या माणसाला पन्नाशीत कर्करोग झाला, तर तो कोणत्या आगीमुळे झाला हे त्याच्या बायकोनं सिद्ध करायचं, अशी रीत होती. २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्यानं केंद्राच्या अग्निशमन कर्मचाऱ्यांसाठी ती उलटवली. ठरावीक कर्करोग आणि फुप्फुस, हृदयाचे आजार कामामुळेच झाले असं आता गृहीत धरलं जातं. त्याच वर्षीच्या आणखी एका कायद्यानं १९७६ च्या मदतीचं दार कामातल्या मानसिक आघातांसाठी आणि त्यातून झालेल्या आत्महत्यांसाठी उघडलं. या मृत्यूंना पूर्वी मानवंदना नसे, मदत नसे आणि घरच्यांना तोंड लपवावं लागे. हंगाम संपून माणूस घरी परतला की संकट टळलं, असं सगळ्यांना वाटतं. बायकांना माहीत असतं, की नोव्हेंबर-डिसेंबरच कठीण जातात. तुकडी पांगलेली, झोप येत नाही, दारू वाढते. त्यामुळे समुपदेशन फक्त कर्मचाऱ्याला देऊन भागत नाही. घरातल्यांना काय पाहायचं, कोणाला फोन करायचा, हे शिकवावं लागतं.

शेजाऱ्यांनी काय करावं

कॅलिफोर्निया, ओरेगॉन, कोलोरॅडोत आता बरीच मराठी कुटुंबं आहेत आणि ३० जून ते ६ जुलै हा यार्नेल हिलपासून स्टॉर्म किंगपर्यंतच्या तारखा जोडणारा स्मरणसप्ताह त्यांच्याही आसपास पाळला जातो. तेव्हा काही करावंसं वाटलं तर आधी शेजारच्या जिवंत घराकडे पाहावं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की कोणी सांगत नाही. मंगळवारी मुलांना पोहायला मी नेते, शनिवारी अंगणातलं गवत आम्ही कापतो, असं वार ठरवून सांगितलेलं घेतलं जातं. दुर्घटनेनंतर पैसे द्यायचे असतील तर जुन्या, हिशेब उघड करणाऱ्या संस्थेला द्यावेत, कारण मोठ्या आगीनंतर खोटी खाती उघडणारेही असतात. आणि तेराव्या-चौदाव्या महिन्याची नोंद कॅलेंडरवर करून ठेवावी. त्या सुमारास बाकी सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात आणि अर्ज मात्र अजून कुठल्यातरी टेबलावर पडून असतो.

नागझिऱ्याकडे पाहताना

आपल्याकडेही हेच घडतं. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा जंगलात वणवा विझवताना तीन मजूर मेले. फेब्रुवारी २०२० मध्ये केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात तीन वनपहारेकरी मेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात चार कर्मचारी जागीच गेले आणि त्यांचे सोबती गंभीर भाजले. तिन्ही ठिकाणची माणसं आसपासच्या गावांतली, बरीचशी हंगामी किंवा रोजंदारीवरची. प्रेस्कॉटमधला प्रश्न इथे जास्त टोकदार होतो, कारण आपल्याकडे रोजंदारी मजुराचं नाव कधी कधी हजेरीपटावरच उशिरा चढतं. मंत्र्यांनी जाहीर केलेल्या सानुग्रह अनुदानाची बातमी छापून येते. अनुकंपा नोकरी मिळते ती मुख्यतः कायम कर्मचाऱ्याच्या वारसाला. मजुराच्या बायकोला वारसदाखल्यासाठी तहसीलच्या खेपा घालाव्या लागतात, आणि बँकेतलं खातं बहुधा नवऱ्याच्याच नावावर असतं.

आपल्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. मोहफुलं वेचण्याचे आणि तेंदूपत्ता तोडण्याचे दिवस त्यातच येतात. जाळरेषा त्याआधी काढून ठेवायची असते आणि त्याचं वेळापत्रक प्रत्येक वनपरिक्षेत्रात असतं. त्याच वेळापत्रकात एक ओळ वाढवता येईल. आगीवर पाठवायच्या प्रत्येक मजुराचं पूर्ण नाव, आधार क्रमांक, घरचा फोन, रक्तगट, वारसाचं नाव आणि वारसाचं स्वतःचं बँक खातं एका नोंदवहीत लिहून, तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक वनपरिक्षेत्र कार्यालयात ठेवावी. अपघात विम्याचा हप्ता खात्यानं जानेवारीतच भरावा आणि त्याची पावती मजुराच्या घरी द्यावी, म्हणजे गरज पडली तर ती घरच्यांच्याच हाताशी असेल.